काथ्याचा भुसा आणि नोय्यल नदी



शेतांत व घरांत टाकाऊ ठरलेल्या वस्तूंनीं रंगीत पाणी निवळवितां येतें, ही युक्ति आजची नव्हे. तिचें मूळ कोळशांत आहे. १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या टोबियास लोविट्स नामक रसायनज्ञास असें आढळलें कीं, काळवंडलेल्या टार्टरिक आम्लाच्या द्रावांत लांकडी कोळसा घातला असतां द्राव निवळतो. पुढें साखर कारखानदारांनीं हाडांच्या कोळशानें साखरेचा पाक शुभ्र केला. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून शिपायांना वांचविणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला गेला, व १९१८ सालीं अमेरिकेंत पीच फळांच्या कोयी त्यासाठीं घरोघरून गोळा करण्यांत आल्या. करवंटी सहज फेंकून देणाऱ्या आपल्या गृहिणींच्या कानीं ही गोष्ट घालावयास हवी!

मास्तरकीची जुनी खोड म्हणून जरा खुलासा करतों. कोळशाच्या अंगीं डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. रंगाचे कण त्यांच्या भिंतींना चिकटतात. म्हणजे रंग नष्ट होत नाहीं, केवळ जागा बदलतो. भुशांतही हा गुण थोडाबहुत असतो व कोळसा केला कीं वाढतो.

आतां तमिळनाडूकडे वळूं. कोइमतूरच्या आसपास नारळाचा काथ्या काढल्यावर उरणाऱ्या भुशाचे ढीग पडून असत. त्याच मुलखांत तिरुप्पूर येथें गंजीफ्राकांसारखे विणलेले सुती कपडे रंगविले जात व रंगाचें पाणी नोय्यल नदींत सोडलें जाई. १९९० नंतरच्या दशकांत कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठांत सी. नामशिवायम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केळीच्या खांबाचा गाभा, काथ्याचा भुसा यांनीं पाण्यांतील रंग शोषून दाखविला. दुखणें आणि औषध एकाच पंचक्रोशींत!

तरी नदी वांचली नाहीं. सुती कापडावर रंग पक्का बसविण्यास मीठ विपुल लागतें. तें पाण्याबरोबर वाहून जातें, आणि भुसा काय, कोळसा काय, मिठाला धरून ठेवीत नाहीं. १९९२ सालीं शेतीसाठीं झालेलें ओरतुपाळयम धरण या घाणीचें तळें बनलें. आसपासच्या विहिरी खारट झाल्या. ज्यांच्यासाठीं धरण बांधलें, त्याच शेतकऱ्यांना त्या पाण्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. जानेवारी २०११ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें तिरुप्पूरचे रंगकारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. त्यानंतर जे पुन्हां उघडले, त्यांना पाणी गाळून व आटवून मीठ वेगळें काढणारीं महागडीं यंत्रें चालवावीं लागलीं. त्या मिठाचा कांहीं भाग रंगकामास परत वापरला जातो.