बिल आहे का?

परवा आमचा मिक्सर बंद पडला. वॉरंटी २ वर्षांची, घेऊन दीडच वर्ष झालेले. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "गुरुजी, बिल आहे का?" बिल होते, पण त्यावरची अक्षरेच उडून गेलेली! ही छपाई उष्णतेने उमटते म्हणे. यवतमाळच्या उन्हाळ्यात कपाटात किती टिकणार?

हे दुखणे जुनेच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कर्जाचा लेखी पुरावा सावकाराच्या पेटीत आणि फेडलेल्या पैशाचा कागद बहुधा कुणाकडेच नाही. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पैसे घेणाऱ्याने लेखी पावती द्यावी असे ठरले. (आपले वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे इकडे तो लागू नव्हता.)

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. २०१९ च्या नव्या कायद्याने तर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. पण मला बिल दिले होते, तेव्हा भांडणार कशावर? विक्रीची नोंद दुकानाच्या संगणकात असणारच. म्हणजे पुरावा पुन्हा त्याच्याच पेटीत! प्रत मागितली, तर "उद्या या" म्हणाला.

तोवर फ्रिजच्या बिलाची झेरॉक्स काढून आणली आहे.