पर्समधलं पिस्तूल

शाळेत इतिहास शिकवताना तोफा, तलवारी, गनिमी कावा हे सगळं भरपूर आलं. पण अंगावर लपवून नेलेलं पिस्तूल म्हटलं की वर्गात दोनच प्रसंग निघायचे. 22 जून 1897 ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गाठलं तो, आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तो. खिशातलं पिस्तूल म्हणजे जिवावर उदार झालेल्या माणसाचं हत्यार, असंच मनात बसलेलं. त्यामुळे "बायकोला पर्समध्ये ठेवायला कोणतं पिस्तूल घ्यावं?" हा प्रश्न एखादा साधा संसारी माणूस, फ्रिज कोणता घ्यावा इतक्या सहजपणे विचारू शकतो, हे पचायला मला वेळ लागला. टेक्सासमध्ये तो तसा विचारला जातो. माझी लेक आणि जावई तिथे राहतात, म्हणून मी या विषयाच्या वाटेला गेले आणि मास्तरणीच्या सवयीने मागचा इतिहास वाचत बसले.

गंमत अशी, की अमेरिकेतही हे पूर्वापार नव्हतं. 14 एप्रिल 1865 ला वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात (पुन्हा नाट्यगृहच!) लिंकनवर गोळी झाडली गेली ती फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या हातभरसुद्धा नसलेल्या, एकाच गोळीच्या पिस्तुलातून. लपवायचं हत्यार म्हणजे मारेकऱ्याचं हत्यार, ही समजूत तिथेही पक्की होती, आणि लिंकनच्या आधीपासून होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 सालीच लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1850 साली निकाल देताना भूमिका घेतली ती अशी, की शस्त्र उघड बाळगणं पुरुषाला शोभतं, लपवून बाळगणं हा भ्याडपणा. टेक्सासने तर 1871 साली, प्रवासी वगैरे काही अपवाद सोडता, पिस्तूल अंगावर बाळगायलाच बंदी केली. सिनेमातले ते कमरेला पिस्तुलं लटकवून हिंडणारे गुराखी पाहिलेल्या माझ्या पिढीला हे सांगूनही पटणार नाही!

मग यात बायका कुठून आल्या? एक तर त्या आधीपासून होत्याच. थंडीत हात घालायच्या फरच्या गुंडाळीत ठेवायची चिमुकली पिस्तुलं युरोपात आणि अमेरिकेत होती. पण कारखान्यांचं लक्ष गृहिणीकडे वळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1887 साली एक रिव्हॉल्व्हर काढलं. त्याचा घोडा आत झाकलेला, म्हणजे कपड्यात अडकायला नको. आणि मूठ नीट घट्ट दाबल्याशिवाय ते उडायचं नाही. लोकांनी त्याला 'लिंबू पिळायचं यंत्र' असं नाव ठेवलं. 1902 साली त्याच कंपनीने सात गोळ्यांचं एक नाजूक रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचं नाव 'लेडीस्मिथ'. याची एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. वेश्यावस्तीतल्या बायका ते वापरतात हे कळल्यावर धर्मनिष्ठ म्हाताऱ्या वेसनसाहेबांनी संतापून त्याचं उत्पादन बंद केलं म्हणे. आता तारखा पाहा. डॅनिएल वेसन वारले 1906 साली आणि लेडीस्मिथ बनत होतं 1921 पर्यंत! पंधरा वर्षं आधी गेलेला माणूस कारखाना बंद कसा करील? पण बाईच्या हातातल्या पिस्तुलाभोवती अशी गोष्ट तयार व्हावी लागते, याचं मला आश्चर्य वाटत नाही. एक तर ती घरंदाज, नवऱ्याने दिलेलं वापरणारी. नाहीतर ती 'तसली'.

त्याच दशकातली आयव्हर जॉन्सन कंपनीची एक जाहिरात पाहिली आणि काटा आला. झोपायच्या झग्यातली लहान मुलगी पलंगावर बसली आहे, शेजारी बाहुली, हातात रिव्हॉल्व्हर. आणि मजकुराचा अर्थ असा, की बाबा म्हणतात याने आपल्याला काही होणार नाही.

वारं फिरलं ते फार अलीकडे. फ्लोरिडाने 1987 साली कायदा केला, की अटी पुऱ्या करणाऱ्या नागरिकाला लपवून शस्त्र बाळगायचा परवाना सरकारने द्यायलाच हवा. दोन वर्षांनी, 1989 मध्ये, पॅक्स्टन क्विग्ली या बाईंचं स्त्रियांनी सशस्त्र असावं असं सांगणारं पुस्तक आलं. (याच बाई आधी शस्त्रनियंत्रणाच्या चळवळीत होत्या.) त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनने लेडीस्मिथ हे नाव पुन्हा बाजारात आणलं. आणि 16 ऑक्टोबर 1991 ला टेक्सासमधल्या किलीन गावी लूबीज नावाच्या खाणावळीत एका माणसाने 23 जणांना ठार मारलं. सुझॅना ग्राशिया नावाची तरुणी तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण जवळ बाळगणं बेकायदा होतं. तिच्या डोळ्यांदेखत वडील गेले, मग आईही. पुढे ती जागोजागी साक्ष देत फिरली, 1996 साली टेक्सासच्या विधिमंडळात निवडून गेली. टेक्सासने 1995 मध्येच कायदा बदलला होता, आणि सप्टेंबर 2021 पासून तर तिथे बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. तिच्या दुःखापुढे वाद घालायची माझी छाती नाही. पण पिस्तूल पर्समध्ये जाण्याची वाट तिथून रुंद झाली हे खरं.

2023 साली मी लेकीकडे सहा महिने होते. ती औषधांच्या दुकानात काम करते, घरी यायला रात्रीचे अकरा होतात. जावई म्हणाले, "आई, हिच्यासाठी काहीतरी छोटंसं घ्यावं म्हणतो." मीही दुकानात गेले. विक्रेता भला माणूस, पण सगळं बोलणं जावयांशी. लेकीकडे पाहिलं ते तिच्या हाताचा आकार बघायला. मग त्याने गुलाबी मुठीचं, अर्ध्या किलोहूनही हलकं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. 'बायकांना हेच बरं.'

इथे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितकाच धक्का मागे. बंदूक जड असली तर तिचा लोखंडी भार तो धक्का खातो. हलकी असली तर हात खातो. म्हणजे 'नाजूक' बाईला म्हणून जे देतात तेच हाताला सगळ्यात कठोर! शिवाय अशा छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला बोटात चांगलीच ताकद लागते. छोट्या पिस्तुलांचं वरचं सरकणारं झाकण मागे ओढणं हीही एक परीक्षा. ते सोपं केलेली पिस्तुलं मोठ्या कंपन्यांनी 2018 च्या सुमाराला काढली. सरावाच्या जागी भाड्याने पिस्तुलं मिळतात. लेकीने चार उडवून पाहिली. गुलाबी मुठीचं दोनदाच उडवून तिने खाली ठेवलं आणि मनगट चोळत बसली. तिला हाताशी बसलं ते मध्यम आकाराचं, जड, साधं काळं पिस्तूल. जावयांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पण हे पर्समध्ये कसं मावणार?"

मावणार नव्हतंच. बायकांच्या कपड्यांना धड खिसा नाही, कमरेचा पट्टा नाही, म्हणून सगळा भार पर्सवर. आणि पर्स म्हणजे काय? खांद्यावरून ओढली जाते, खुर्चीवर लटकते, आणि घरातलं प्रत्येक पोर चॉकलेट शोधायला आधी तिच्यात हात घालतं. 30 डिसेंबर 2014 ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाचा चाप ओढला आणि आई जागीच गेली. पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली ती पर्स नवऱ्याने तिला नाताळची भेट दिली होती. ती परवानाधारक होती, बंदुकांच्या सवयीच्या घरातली होती.

दुसरा आकडा याहून गप्प करणारा. कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाख लोकांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल मालकीचं असलेल्या स्त्रियांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण, नसलेल्यांच्या सुमारे 35 पट आढळलं. वाहनतळावरच्या अनोळखी माणसाचा विचार सगळे करतात, घरातल्या एखाद्या वाईट रात्रीचा दुकानात कोणी करत नाही. मी तो आकडा दोघांना जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. जावई म्हणाले, "आई, तुम्ही घाबरवताय." मी म्हटलं, "हो, घाबरवतेय."

आपल्याकडेही 2014 साली कानपूरच्या आयुध कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन 500 ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि देताना दागिन्याच्या डबीत! म्हणजे हौस तीच.

असो. लेकीने पिस्तूल घ्यायचं ठरवलं, पण नवरा म्हणतो ते नाही आणि मी म्हणते तसं 'नकोच' हेही नाही. तिला झेपणारं ते जड काळं घेतलं, आणि त्याबरोबर बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी लोखंडी पेटी. ठसा तिचा एकटीचा. पर्समध्ये ते जात नाही. रात्री अकराला ती दुकानातल्या सहकारी बाईबरोबर गाडीपर्यंत चालत जाते, आणि शनिवारी सकाळी सरावाला जाते, तिकीट काढून, पोहण्याच्या वर्गाला जावं तशी.