दिवाळीच्या किल्ल्यासाठी घरच्या घरी रेझिनचे मावळे

दिवाळीचा किल्ला आपल्या मंडळातल्या मुलांनी अजून सोडलेला नाही. मावळे मात्र बहुतेक घरांत गावाहून आणलेले शाडूचे असतात आणि दरवर्षी एखाद्याचा भाला मोडतो, एखाद्याचे डोके उडते. आजोबांच्या वेळचा एखादाच मावळा धड उरला असेल, तर त्याचा साचा करून तसेच दहा-पंधरा रेझिनमध्ये ओतता येतात. सभासदांनी विचारल्यावरून ही माहिती देत आहोत.

नवशिक्यांनी इपॉक्सी रेझिन घ्यावे. पॉलियुरेथेन काही मिनिटांत घट्ट होते, पण दमट हवेतला ओलावा शोषून फेसाळते. सिल्वासाच्या पावसाळ्यात तर दोन्हींपासून लांबच राहावे, कारण दमट हवेत इपॉक्सीचा पृष्ठभागही चिकट, पांढुरका होतो. पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास कोरडा दिवस पाहून काम काढावे.

साच्यासाठी दोन भागांचे सिलिकॉन रबर मिळते. कथिलावर आधारित प्रकार स्वस्त आणि सोशिक आहे. प्लॅटिनमवर आधारित प्रकार गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेवर किंवा लॅटेक्स हातमोज्यांच्या स्पर्शाने ओलाच राहतो. शाडूची मूर्ती सच्छिद्र असते, म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळवावी. साचा सोडवताना नाजूक हात मोडण्याची भीती खरी आहे. घरात एकच जुना मावळा असेल, तर पहिला साचा बाजारातल्या साध्या मूर्तीवर करून हात बसवावा. भाला आणि तलवार ओतूच नये, नंतर तारेची लावावी.

मूर्तीचा तळ पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत चिकटवावा, फटी बुजवाव्यात. सिलिकॉन एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतावे म्हणजे हवा वर निघून जाते. डोक्यावर किमान एक सेंटीमीटर थर हवा. दुसऱ्या दिवशी साचा बाहेर काढून एका बाजूने धारदार पात्याने नागमोडी चिरावा. नागमोडी चिरल्याने ओतताना दोन्ही कडा आपोआप जुळतात. मूर्ती काढून साचा रबरबँडने बांधावा. तळाची बाजू आता वर, तेच ओतण्याचे तोंड.

आता हिशेब, जो आम्हा बँकवाल्यांना आवडतो. साच्यात पाणी भरून ते मोजावे आणि साचा पूर्ण कोरडा करावा. एका मावळ्याला १२ मिलि लागले, तर पाच मावळ्यांना ६० मिलि. डब्यावर आकारमानाने २:१ असे प्रमाण असेल, तर ४० मिलि रेझिन आणि २० मिलि हार्डनर. हेच प्रमाण वजनाने धरू नये, कारण दोन्हींची घनता वेगळी असते. काट्यावर मोजायचे असल्यास डब्यावरचे वजनाचे प्रमाण पाहावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर मावळा कायमचा मऊ राहतो. कडा व तळ खरवडत तीन मिनिटे सावकाश ढवळावे, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळावे. एकदम जास्त मिसळू नये, कपातच तापून घट्ट होते. साचा अर्धा भरल्यावर ढालीखालचे, कोपराखालचे बुडबुडे काडीने सोडवावेत, मग उरलेले ओतावे. चोवीस तास हात लावू नये.

एका बाबतीत आम्ही तडजोड सुचवणार नाही. ओतण्याचे काम मोठ्यांनीच करावे. न वाळलेले इपॉक्सी आणि हार्डनर त्वचेला वारंवार लागले तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती बहुधा आयुष्यभर राहते. नायट्राइल हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या हव्यात, आणि ओट्यावरचे एकही भांडे यात वापरू नये. हाताला लागले तर थिनर न लावता साबण-पाण्याने धुवावे. घासताना उडणारी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून ओल्या पॉलिशपेपरने घासावे आणि मास्क लावावा. उरलेले रेझिन मोरीत न ओतता कपातच घट्ट होऊ द्यावे.

मुलांचे काम त्यानंतरचे. पूर्ण घट्ट झालेला मावळा साबणाने धुऊन, प्रायमरचा हात देऊन ॲक्रिलिक रंगांनी रंगवावा. पगडी कोणत्या रंगाची, यावर घरात वाद होतीलच.

बाजारातल्या कारागिराच्या मूर्तीवरून साचा केला असेल, तर मावळे घरापुरतेच ठेवावेत, विकू नयेत. शाडू पाण्यात विरघळतो, रेझिन विरघळत नाही. म्हणून किल्ला मोडताना मावळे मोजून डब्यात भरावेत आणि आकडा झाकणावर लिहून ठेवावा.