जांबोटी ते कोवाड

बेळगावच्या नैर्ऋत्येस, खानापूर तालुक्याच्या रानात जांबोटी नावाचे गाव आहे. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे उतरणारी वाट या गावावरून जाते आणि मलप्रभा जेथे उगम पावते ते कणकुंबी याच वाटेवर पुढे लागते. या आडवळणाच्या गावी १८४३ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर जन्मास आले. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती ‘मोचनगड’ त्यांचीच. बेळगावच्या वायव्येस ताम्रपर्णी नदीच्या काठी कोवाड हे दुसरे गाव आहे. तेथे १९२८ साली रणजित देसाई जन्मले. त्यांची ‘स्वामी’ वाचली नाही असे मराठी वाचनालय सापडणे कठीण. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही ऐतिहासिक नव्हे, पण १८५७ साली निघालेली ती कादंबरी मराठीतील पहिली मानली जाते आणि तिचे कर्तेही बेळगावात जन्मलेले. मराठी कादंबरीचा इतिहास पुण्यामुंबईच्या अंगाने सांगण्याची आपली सवय किती तोकडी आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

गुंजीकरांचा पेशा शिक्षकाचा. सरकारी शिक्षणखात्यात त्यांची नोकरी झाली आणि त्या नोकरीतून उरलेल्या वेळात त्यांनी जे केले त्याची नुसती यादी पाहिली तरी छाती दडपते. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचे ते पहिले संपादक. संस्कृत व्याकरण, शाकुंतलाचे भाषांतर, जातींच्या इतिहासावरील ‘सरस्वतीमंडळ’, जलद लिहिण्यासाठी ‘लाघवी लिपी’, आणि सीमेवरच्या माणसालाच सुचावे असे ‘कन्नड परिज्ञान’! या साऱ्या गर्दीत मासिकाच्या अंकांतून ‘मोचनगड’ क्रमशः आली आणि १८७१ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्या वेळी मराठी वाचक ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कथांत रमलेला होता. ते राजपुत्र आणि त्या उपवनांतल्या नायिका कोणत्याच देशाच्या नव्हत्या. गुंजीकरांनी वाचकाला तेथून उठवून शिवकालातल्या एका किल्ल्यावर आणून उभे केले. वॉल्टर स्कॉटने १८१४ साली इंग्रजीत जी वाट पाडली, तीच ही वाट.

मात्र त्यांनी एक सावधगिरी बाळगली. मोचनगड हा किल्ला काल्पनिक आहे. मुख्य पात्रेही काल्पनिक, आणि शिवाजी महाराज कथेच्या कडेला उभे आहेत. इतिहासाचे फक्त वातावरण घ्यावे, इतिहासातल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हा शाळामास्तराचा विवेक होता. काल्पनिक किल्लेदारावर अन्याय झाला म्हणून कोणी दाद मागायला येत नाही.

नव्वद वर्षांनंतर कोवाडच्या देसायांनी ही सावधगिरी सोडली. तसे करण्यास धैर्य लागले, आणि त्याची किंमतही पडली.

रणजित देसाई हे जमीनजुमला असलेल्या घराण्यातले. लेखक झाल्यावर शहरात बिऱ्हाड करण्याची रीत असताना ते कोवाडलाच राहिले. शेती पाहिली आणि लिहिले. लघुकथेपासून सुरुवात झाली. १९५९ साली ‘बारी’ ही पहिली कादंबरी आली. बेळगावहून संकेश्वर-निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुतगट्टीचे रान लागते. त्या रानातल्या बेरडांचे जिणे हा ‘बारी’चा विषय. जुने आयुष्य सुटले आणि नवे हाती लागले नाही, अशा माणसांची ती कथा आहे. पुढच्याच वर्षी ‘माझा गाव’ आली आणि १९६२ मध्ये ‘स्वामी’. चार वर्षांत तीन कादंबऱ्या, त्यांतल्या पहिल्या दोन पायाखालच्या मातीच्या. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याने आधी गाव लिहिले, त्यानेच मग शनिवारवाडा लिहिला.

याच सुमारास त्या मातीवर रेघ ओढली गेली. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यातच राहिला, तर बेळगाव, खानापूर आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. कोवाड चंदगड तालुक्यातले. तेथून बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ. पण ते जवळचे शहर आता परराज्यातले.

‘स्वामी’चा नायक थोरले माधवराव पेशवे. पानिपताच्या संहारानंतर १७६१ साली सोळाव्या वर्षी गादीवर आलेला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या गणपतीसमोर क्षयाने गेलेला हा पुरुष. सत्ताविसाव्या वर्षी सारे संपले. त्यातही राक्षसभुवनची लढाई, चुलते राघोबादादांशी कलह आणि हैदरअलीवर कर्नाटकात काढलेल्या मोहिमा. या काळाचे छापील कागद विपुल आहेत. सरदेसायांनी संपादिलेला पेशवे दप्तराचा निवडक भाग आहे, आणि मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून काढलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आहे. फौज कोठे उतरली, रसद किती आली, कर्ज किती झाले, हे सारे त्यांत मिळते. मरण्यापूर्वी माधवरावांनी जी नऊ कलमे करून ठेवली त्यांत कर्जफेडीची चिंता आहे. घरंदाज कर्ज म्हणजे काय, वाड्यातले आजारपण कसे असते, वडीलधाऱ्याशी वाकडे येऊनही मर्यादा कशी पाळावी लागते, हे कोवाडच्या वाड्यात वाढलेल्या लेखकाला पुस्तकातून शिकण्याची गरज नसावी. ‘स्वामी’तला पेशवा घरातला वाटतो त्याचे मूळ येथे असावे.

पण रमाबाई? ती थेऊरला सती गेली हे खरे. पतीशी ती काय बोलली, कशाने रुसली, हे कोणत्याही दप्तरात नाही. ती जागा कादंबरीकाराने भरली, आणि इतक्या ताकदीने भरली की वाचकांच्या पिढ्यांना तेच संवाद इतिहास वाटू लागले. १९६४ साली कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनच्या मालिकेने ती रमा घरोघर नेली. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कागद जेथे मुका आहे तेथे बोलणे हा कादंबरीकाराचा हक्क आहे. परंतु ऐन तारुण्यातली स्त्री चितेवर चढते त्या प्रसंगाला भक्तीचा प्रकाश दिला, की त्या आगीची धग वाचकाला लागत नाही. आणि ‘स्वामी’चा वाचक डोळे पुसतो तेव्हा तो नक्की कशासाठी रडतो, हे त्याने स्वतःला विचारायला हवे. पुस्तकाची ही उणीव त्याच्या गोडव्यातूनच आलेली आहे.

‘स्वामी’ने बांध फुटला. १९६३ मध्ये ना. सं. इनामदारांची ‘झेप’ आली. शेजारच्याच आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरातल्या शाळेत टंकलेखन शिकवत असताना १९६७ साली त्यांची ‘मृत्युंजय’ निघाली. गुंजीकर, खरे, सावंत: मराठी ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीच्या पाठीशी शाळामास्तरांची ही एक रांगच उभी दिसते. देसाई स्वतः मास्तर नव्हते. नाटके, चित्रपटकथा, कर्णावरची ‘राधेय’, चित्रकार रविवर्म्यावरची कादंबरी असे त्यांचे लेखन चालूच राहिले. १९७३ साली पद्मश्री मिळाली, आणि ६ मार्च १९९२ रोजी ते वारले.

तरी त्यांच्या कामाची खरी कसोटी ‘श्रीमान योगी’त लागली. ‘मोचनगडा’त जे कडेला होते ते शिवाजी महाराज आता मध्यावर आले. रमाबाईच्या बाबतीत कागद गप्प होते. येथे कागद, बखरी आणि अभिमान सारेच एकदम बोलत होते. या वेळी देसायांनी एक गोष्ट केली जी ‘स्वामी’च्या यशानंतर दुसऱ्या एखाद्याने केली नसती. नांदेडचे अध्यापक नरहर कुरुंदकर हे परखड बुद्धिवादी. गौरवाची भाषा त्यांना ठाऊकच नव्हती म्हणा ना. त्यांच्याकडे देसाई शंका घेऊन गेले. कुरुंदकरांनी उत्तरादाखल दीर्घ पत्र लिहिले. महाराजांच्या चरित्रातले वादाचे प्रश्न कोणते, साधने कोणती आणि त्यांचा भरवसा किती धरावा, याची त्यात कठोर छाननी आहे. १९६८ साली कादंबरी निघाली तेव्हा हेच पत्र प्रस्तावना म्हणून पुढे छापले होते. आजही जो वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो, त्याला देसायांची गोष्ट हाती येण्याआधी कुरुंदकरांचे प्रश्न ओलांडून जावे लागते.