दारावरची पाटी

घराच्या दारावरची पाटी आपण रोज पाहतो, पण वाचत नाही. ती वाचतो पोस्टमन किंवा पहिल्यांदा आलेला पाहुणा. पण गावाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर ती जरूर वाचावी. निदान राजुऱ्यासारख्या गावात तरी.

राजुरा वर्धा नदीच्या काठचा. नदीच्या एका अंगाला बल्लारपूर आणि चांदा, तिथं इंग्रजांचा अंमल. दुसऱ्या अंगाला राजुरा, तिथं निजामाचा. तेव्हा हा आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. शेजार तेलुगूचा, घरातली बोली मराठी आणि डोंगरातल्या गुड्यांवर गोंडी, कोलामी. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. गाव जागचं हललं नाही, पण बारा वर्षांत त्याचं राज्य आणि जिल्हा कितीदा तरी बदलले.

कचेरीवरची पाटी हुकमानं बदलते. घरावरची पाटी मात्र माणूस आपल्या मनानं लावतो. आपलं नाव कोणत्या लिपीत लिहायचं, कुणाकुणाचं लिहायचं, हे तो स्वतः ठरवतो. म्हणून या पाटीची गोष्ट सांगावीशी वाटते.

पूर्वी हे काम पेंटरचं. पत्र्याला आधी एक हात रंग द्यायचा, तो वाळला की खडूनं रेघा आखायच्या आणि मग ब्रशनं अक्षर ओढायचं. पेंटरला जोडाक्षराची अडचण कधी आली नाही. ‘लक्ष्मी’ लिहायला जागा कमी पडली, तर तो ‘क्ष’ जरा आवळून घेई. अक्षर त्याच्या हातात होतं.

मग संगणक आला. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं आणि १९९४ च्या आवृत्तीत त्यात ‘लेअर’ म्हणजे एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली. काचेच्या तावांसारखे हे थर. एकावर रंग, दुसऱ्यावर वेलबुट्टी, तिसऱ्यावर नाव. नाव चुकलं तर तेवढाच थर बदलायचा, बाकी पाटीला धक्का नाही. पेंटरला चूक झाली की पत्रा पुसावा लागे.

पण ही यंत्रं रोमन अक्षरांसाठी घडली होती. युनिकोड या जागतिक संकेतावलीत देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली. विंडोज २००० सोबत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्टही आला. तरी चित्रं करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती अक्षरं जोडता येत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसे, ‘क्ष’चे दोन तुकडे पडत आणि मध्ये पाय मोडलेला दिसे. म्हणून दुकानांतून जुने फॉन्ट चालत. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. तीच फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की नावाच्या जागी निरर्थक चिन्हं. माझीच पाटी अशी दोनदा बिघडली. शेवटी दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, इंग्रजीत करून टाका, झंझट नाही.’’ मीही ‘हो’ म्हणालो. आज त्याची खंत वाटते. यंत्राच्या एका उणिवेपायी किती घरांवरची मराठी नावं इंग्रजीत गेली असतील!

आता ती सबब राहिली नाही. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आपल्या लिप्यांसाठीची अक्षरमांडणी निवडली की जोडाक्षर नीट उमटतं. गिंप आणि इंकस्केप ही तर मोफत मिळणारी सॉफ्टवेअरं आहेत. बारा इंच रुंद, आठ इंच उंच पाटी हवी असेल, तर इंचाला ३०० ठिपके धरून ३६०० बाय २४०० चा कागद घ्यावा. कडेला अर्धा इंच मोकळा ठेवावा. गडद रंगावर फिकं किंवा फिक्यावर गडद अक्षर घ्यावं. एक मात्र पथ्य पाळा. इंग्रजी शब्द पसरवतात तशी मराठी अक्षरं लांब लांब करू नका, शिरोरेषा तुटते. छपाईला देण्याआधी अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, म्हणजे दुकानात तो फॉन्ट नसला तरी नाव बिघडत नाही. थर असलेली मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

का जपायची? कारण घरात नावं वाढतात. पूर्वीच्या पाटीवर बहुधा कर्त्या पुरुषाचं एकच नाव असे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदोपत्री आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. कागदावर आलेली आई दारावर यायला काय हरकत आहे? एक थर वाढवायचा, इतकंच.

आणि एक थर आणखी. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतली हस्तलिखितं सापडली आणि हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती उजेडात आणली. २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ युनिकोडमध्ये आली. त्याआधी, २०१७ मध्ये, बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली गोंडी लिपीही तिथं दाखल झाली. दोन्हींचे फॉन्ट मोफत मिळतात. राजुऱ्याच्या पंचक्रोशीतल्या गोंड घरातल्या एखाद्या शाळकरी मुलीला आता आपल्या आजीचं नाव देवनागरीत आणि त्याखाली गोंडीत लिहिता येईल.

जे राजवटींनी कधी विचारलं नाही, ते ती मुलगी आजीला विचारील: ‘‘आजी, तुझं नाव कसं लिहू?’’ पाटी करायला बसाल तेव्हा तुम्हीही घरात हा प्रश्न एकदा विचारा.