काळ्या वायरी मधोमध: मदरबोर्डच्या मापाची गोष्ट

तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसेल का? नाही. पण घरच्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला, तर लॅमिंग्टन रोडवरून कुठल्याही कंपनीचा आणा, जुन्याच कॅबिनेटमध्ये बसतो. स्क्रूची भोकंसुद्धा जुळतात. हे आपोआप नाही झालं बरं का!

1981 साली आयबीएमचा पीसी आला, 1984 मध्ये त्यांचाच ‘एटी’. इतर कंपन्यांनी ‘एटी’च्या बोर्डाची रचना उचलली. पण त्यात एक धोका होता. पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लागायचे, दिसायला सारखेच. अदलाबदल झाली की बोर्ड जळू शकायचा. म्हणून जोडणाऱ्यांचा एकच मंत्र: काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून!

1995 मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ आणलं. बोर्डाचं माप 305 बाय 244 मिलिमीटर. दोन कनेक्टरच्या जागी 20 पिनांचा एकच, तोही उलटा न बसणारा. पुढे पिना 24 झाल्या, भोकं मात्र तीच राहिली.

म्हणून आज बोर्ड बदलताना मुख्यतः प्रोसेसरचं सॉकेट आणि रॅमचा प्रकार जुळवायचा. कॅबिनेट, हार्ड डिस्क सहसा तीच चालते.

काही ब्रँडेड डेस्कटॉप मात्र स्वतःचंच माप आणि कनेक्टर वापरतात. तिथे बोर्ड गेला, की त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. तेव्हा पीसी घेताना किमतीआधी एवढं विचारा: “यात साधा एटीएक्स बोर्ड बसतो ना?”