पानिपत कसे पाहावे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पानिपत हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रोजचा आहे. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत मुलांचे होते, क्रिकेटमध्ये तर दर मोसमाला होते. संक्रांत कोसळते, विश्वास पानिपतात जातो. शब्द एवढा वापरूनही ते गाव प्रत्यक्ष पाहिलेले लोक थोडे. जे जातात तेही बहुधा अमृतसर किंवा वैष्णोदेवीच्या वाटेवर, गाडी तासभर थांबवून. काला आंबच्या स्तंभापुढे फोटो, एक घोषणा, की पुढे ढाब्यावर पराठे. त्यांना नावे ठेवायची नाहीत मला. पण एवढ्यात रणांगण दिसत नाही.

दिल्लीहून पानिपत नव्वदेक किलोमीटर. अंबाल्याच्या मार्गावरच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. माझे सांगणे असे, की निदान एक मुक्काम करा आणि काला आंबला धावत जाण्याआधी गाव पायी पाहा. कारण १४ जानेवारी १७६१ ची लढाई एका दिवसाची असली, तरी पानिपत अडीच महिन्यांचे होते. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा जिंकला, तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. भाऊंनी पानिपत गाव पाठीशी घेऊन खंदक खणला. पुढे डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा मावळली. छावणीत लढणारे होते तसे बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे असे न लढणारेही हजारोंनी होते. या सगळ्यांचे पोट त्या गावाच्या आसपास भरायचे होते. आजच्या पानिपतच्या बाजारात चादरी आणि सतरंज्यांचे ढीग पाहत चालताना मनात हिशेब केला, की इथे दाण्याला काय भाव आला असेल, तर लढाईचा निम्मा निकाल तिथेच समजतो. आपल्या बखरींनी तलवारीचे वर्णन मन लावून केले, भुकेचे त्या मानाने कमी.

मग काला आंबला जा. गावापासून सात-आठ किलोमीटरवर कुंपण घातलेली बाग आणि विटांचा स्तंभ आहे. रक्ताने जमीन भिजून आंब्याची पाने काळी पडली, अशी कथा तिथे ऐकायला मिळते. ते झाड केव्हाच गेले. स्तंभाला हात जोडून झाले, की एक गोष्ट आवर्जून करा. तोंड दक्षिणेकडे, म्हणजे दिल्लीकडे करून उभे राहा. परका शत्रू वायव्येकडून आला, तेव्हा आपले लोक त्या दिशेला तोंड करून लढले असणार, असे आपण गृहीत धरतो. झाले उलटे. दिल्ली अब्दालीच्या पाठीमागे होती आणि आपली माणसे घराच्या वाटेकडे तोंड करून लढत होती. जानेवारीतले दुपारचे ऊन दक्षिणेकडून सरळ डोळ्यांवर येते. दहा मिनिटे तसे उभे राहिले, की पुस्तकातला नकाशा सरळ होतो. पुस्तक मात्र बरोबर हवे. त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ न्यावे, विश्वास पाटलांची कादंबरी आधी घरी वाचून ठेवावी.

दक्षिणेकडे तोंड केले, की डावा हात पूर्वेला, यमुनेकडे जातो. त्या बाजूला इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणी आणि तोफा घेऊन उभा होता.

मला तिथे घेऊन गेलेल्या टॅक्सीवाल्याने वाटेत विचारले होते, “कहाँ से हो, भाईसाब?” महाराष्ट्र म्हटल्यावर तो खूश झाला. म्हणाला, मराठे लोक इथे येऊन रडतात. मग नाव विचारले. मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, “तो आप किस तरफ से?” मी म्हटले, “बाईं तरफ से.” त्याला ते कळले नाही. गाडी लावून तोही आत आला, तेव्हा त्याला माझ्याशेजारी दक्षिणेकडे तोंड करून उभे केले आणि डावी बाजू दाखवली.

इब्राहिमखानाविषयी काशीराजाने फारसीत लिहून ठेवले आहे. लढाईच्या सकाळी तो भाऊंकडे गेला. माझ्या माणसांच्या पगारासाठी मी दरमहा हट्ट धरतो म्हणून आपण रागावत होता. या महिन्याचा पगार मिळालेला नाही, पण आज मी माझे काम करून दाखवतो, अशा अर्थाचे तो बोलला. नंतर रोहिल्यांवर तुटून पडला आणि त्यांची फळी त्याने मोडली. त्याच्या पलटणींतले फार थोडे उरले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला. शुजाने त्याला लपवून ठेवले होते. त्याला अब्दालीच्या वजिराच्या हवाली करावे लागले. जखमांत विष घालून त्याला मारले, असे काशीराज सांगतो. पगाराची ती गोष्ट मला कोणत्याही पोवाड्यापेक्षा जवळची वाटते. आपल्या माणसांच्या भाकरीसाठी भांडणारा सेनापती शेवटच्या दिवशीही टिकून राहिला. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि मराठीत ‘गारदी’ म्हणजे मारेकरी होऊन बसला. त्याच शब्दात इब्राहिमखानही आहे, हे आपण विसरतो.

आणि हा काशीराज कोण? दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाच्या नोकरीत, म्हणजे समोरच्या बाजूला. शुजाच्याच फौजेत अनुपगीर गोसाव्याचे नागा साधू होते. विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांना अग्नी मिळाला तो शुजाच्या आणि या दोघांच्या खटपटीने. जखमी महादजींना वाचवणारा राणेखान भिस्ती मुसलमान. त्याला महादजींनी जन्मभर भाऊ मानले. समशेरबहादूर, बाजीराव-मस्तानीचा मुलगा, या लढाईतल्या जखमांनीच गेला. ही नावे एकाच खान्यात बसत नाहीत.

गावात परत आल्यावर इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद पाहता येते. १५२६ च्या त्या लढाईत दोन्ही बाजूंचे सेनाधिपती मुसलमान. १५५६ मध्ये अकबराच्या फौजेशी लढला हेमू, आणि त्याच्या सैन्यात अफगाण पुष्कळ. मला स्वतःला मात्र बू अली शाह कलंदरांचा दर्गा चुकवता येत नाही. गालिबचे चरित्र लिहिणारे हाली पानिपतचेच. १८३७ चा जन्म, १९१४ मध्ये गेले. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. कवितेशी देणेघेणे नसलेल्यानेही तिथे थोडे टेकावे. पाय दुखत असतातच.

जायचे ते शक्यतो जानेवारीत. उन्हाळ्यात ती जमीन बघवत नाही, आणि थंडी अंगावर घेतल्याशिवाय उपाशी फौजेची कल्पनाही येत नाही. १४ तारखेला गेलात तर काला आंबला गर्दी असते. स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातले रोड समाजाचे लोक त्या दिवशी जमतात. त्यांच्या वंशाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. वाद बाजूला ठेवून त्यांच्याशी बोला. हिंदी चालते. निवांत पाहायचे असेल, तर आदल्या दिवशी सकाळी, धुके उतरायच्या आत तिथे पोहोचा. तेव्हा स्तंभ आधी दिसत नाही. आधी कुंपण लागते.